अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि कावीळ



ऊस, खत आणि पाणी सोडून या पानावर आम्ही सहसा दुसरे काही लिहीत नाही. परंतु ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ पिवळे पडू लागले म्हणजे काय करावे, याविषयी आपल्या घरांत आणि तोडणी मजुरांच्या कोप्यांवर अजून बराच गैरसमज आहे.

रक्तातील तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. ते बाहेर टाकणे हे यकृताचे काम. नवजात बाळात पेशी जास्त फुटतात आणि यकृताचे म्हणाल तर चाचणी हंगामातल्या कारखान्यासारखे. यंत्रे बसलीत, पण गाळप पुरते नाही, आणि गव्हाणीत ऊस तर येतोच आहे! मग द्रव्य साचते. पूर्ण दिवसांच्या बाळाची अशी कावीळ बहुधा आपोआप ओसरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र थोड्या प्रमाणातही ती मेंदूत शिरू शकते. मग बहिरेपण, हातापायांचा ताठरपणा, प्रसंगी मृत्यू. मेंदूची ही इजा पुढे भरून येत नाही.

यावर उपाय आहे तो निळ्या उजेडाचा. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथे १९५६ साली सिस्टर जीन वॉर्ड अशा बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचे अंग उजळले, पण चादरीखाली झाकलेला तेवढा भाग पिवळा राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखविले. पुढे डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्यांचा प्रयोग करून १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. उजेडाने कातडीतील बिलिरुबिनाचे रूप पालटते आणि ते यकृतावर फारसा भार न टाकता पित्त व लघवीवाटे निघून जाते.

मग घरीच उन्हात धरले तर? नको. एवढेसे बाळ गारठते नाहीतर भाजते, आणि वेळ जातो तो वेगळाच. दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून दिव्याखाली ठेवतात, आईचे दूध चालू ठेवतात, रक्त तपासत राहतात. प्रमाण फारच चढले तर रक्त बदलावे लागते.

गळ्यात माळ, नाकात थेंब, पोटावर डाग, यांनी कावीळ उतरत नाही. साखरेचे पाणीही पाजू नये, साखर आपल्याच कारखान्याची असली तरी!

कोपीत बल्बच्या उजेडात पिवळेपणा कळत नाही. बाळ दिवसाउजेडी बाहेर आणून कातडी बोटाने हलकेच दाबून पाहावी. पहिल्या २४ तासांत पिवळे दिसले, तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढीना, सुस्त पडले किंवा किंचाळून रडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. फडात टोळी असेल त्या सभासदाने मुकादमाची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे. नेताना बाळाच्या डोक्याला टोपी घालून, ते आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे.