परक्या दारात उभं राहण्याचा अभ्यासक्रम

केनेथ पाइक हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ भर सभागृहात एक प्रयोग करून दाखवायचे. व्यासपीठावर एका अनोळखी माणसाला आणून बसवलं जाई. तो कुठला, त्याची भाषा कोणती, यातलं पाइक यांना काहीही सांगितलेलं नसे. मध्ये इंग्रजी आणायची नाही, हा नियम. समोरच्याला इंग्रजीचा आधार मिळूच नये म्हणून पाइक स्वतः मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांच्या भाषेत बोलत. मग ते झाडाचं एक पान उचलून दाखवत, समोरचा काय म्हणतो ते कान देऊन ऐकत, तसंच उच्चारून बघत आणि फळ्यावर ध्वनिलिपीत लिहून ठेवत. एक पान, मग दोन पानं. मोठं पान, लहान पान. काठी हातात धरली, काठी खाली पडली. तासाभराच्या आतच त्या भाषेत कर्ता कुठे बसतो, क्रियापद कुठे येतं, अनेकवचन कसं होतं, याचा कच्चा आराखडा फळ्यावर उभा असे.

पाइक (१९१२–२०००) मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि बायबलच्या भाषांतरासाठी माणसं तयार करणाऱ्या ‘समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स’ या संस्थेचे दीर्घकाळ अध्यक्षही. परक्या संस्कृतीत जाऊन काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्याला पदवीनंतर काय काय शिकावं लागतं, हे बघायला बसलं की हा प्रयोग पुन्हा पुन्हा आठवतो. जो सांगायला निघालाय, त्याला आधी तान्ह्या मुलासारखं ऐकायला बसवतात. ही शिस्त सहज आलेली नाही. तिला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि तिच्या सुरुवातीच्या वाटेवर आपली मुंबई आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर इथे १८०७ साली एक सेमिनरी स्थापन झाली. महाविद्यालयाची पदवी घेतलेल्या तरुणांना आणखी तीन वर्षं ईश्वरविज्ञान शिकवायचं, ही तिथली कल्पना त्या देशात नवी होती. हिब्रू, ग्रीक, पवित्र शास्त्राचं विवरण, प्रवचनकला असा भरभक्कम अभ्यास. तिथून निघालेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांना परत पाठवायचा हुकूम कलकत्त्याहून आधीच निघालेला होता, कारण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. मुंबईच्या गव्हर्नरने थोडं नमतं घेतलं, म्हणून ते टिकले. यातूनच पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभं राहिलं.

आता त्यांची शिदोरी काय होती ते बघा. हजारो वर्षांपूर्वीच्या हिब्रू क्रियापदांची रूपं त्यांना पाठ होती. पण भुलेश्वरच्या गल्लीत समोरून येणारा माणूस काय बोलतोय, कोणत्या जातीचा आहे, कशावर हसतोय, कशाने दुखावतोय, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. अँडोव्हरच्या वर्गात ते कुणी शिकवलेलंच नव्हतं. हॉल इथे येऊन मराठी शिकले, गावोगाव मराठीत बोलत हिंडले आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या एका फेरीत पटकीने गेले. अशी कितीतरी माणसं चुका करत, लोकांना दुखावत, कधी आजारी पडत, कधी मायदेशी परतत शिकली. पुढच्या शतकात जे अभ्यासक्रम तयार झाले, ते या अनुभवांची बेरीज आहेत.

ती बेरीज कागदावर ठळकपणे मांडली गेली ती जून १९१० मध्ये. एडिनबरो इथे जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची मोठी परिषद भरली, सुमारे बाराशे प्रतिनिधी आले. परिषदेने आठ आयोग नेमले होते आणि त्यातला पाचवा आयोग फक्त मिशनऱ्यांच्या तयारीवर होता. त्याने मिशनचा इतिहास, जगातले धर्म, समाजशास्त्र, अध्यापनकला आणि भाषाविज्ञान हे विषय शिकवायला हवेत असं सांगितलं. पुढच्याच वर्षी हार्टफर्डमध्ये मिशनांच्या अभ्यासासाठी केनेडी स्कूल सुरू झालं. त्या परिषदेत आशियातून आलेले लोक मूठभरच होते. त्यांपैकी व्ही. एस. अझरायाह हे तमिळ तरुण पाद्री व्यासपीठावर उभे राहिले आणि समोर बसलेल्या गोऱ्या धर्मगुरूंना त्यांनी स्पष्ट सांगितलं की तुम्ही त्याग पुष्कळ केलात, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. पाचव्या आयोगाने सुचवलेल्या विषयांपेक्षा मला ही मागणी जास्त अवघड वाटते. समाजशास्त्राचा पेपर देता येतो. मैत्रीला मार्क कसे द्यायचे?

आणि तरीही नंतरच्या अभ्यासक्रमांनी नेमकं तेच करायचा प्रयत्न केला, हे या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वळण आहे.

आजची चौकट आधी थोडक्यात सांगते. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनऱ्यांना मान्यता देणाऱ्या संघटनेच्या नियमांनुसार साधी एम.ए. किमान ३६ क्रेडिटची असते आणि पाळकीय सेवेसाठीची ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ किमान ७२ क्रेडिटची, म्हणजे पूर्ण वेळ शिकलात तर साधारण तीन वर्षांची. प्रवेशाला आधीची पदवी लागते, आणि बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ज्या मंडळीत वाढला तिथल्या पाळकाचं शिफारसपत्रही. पूर्वी या विषयाला मिशनशास्त्र म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी पदवीचं नाव ‘इंटरकल्चरल स्टडीज’ असतं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या फुलर सेमिनरीच्या ‘स्कूल ऑफ वर्ल्ड मिशन’नेही पुढे हेच नाव घेतलं.

या फुलरच्या शाखेची गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. ती १९६५ साली डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी सुरू केली. मॅकगॅव्हरन जन्मले दमोहला, आजच्या मध्य प्रदेशात, आणि आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी जबलपूर-छत्तीसगडच्या पट्ट्यात काढली. त्यांचा आग्रह असा की आपल्याकडे शिकायला येणारा आधी काही वर्षं परक्या मुलखात राहून आलेला हवा, तिथली भाषा त्याला बोलता यायला हवी. म्हणजे वर्गात बसण्याची पात्रता ही की तुम्ही आधी वर्गाबाहेर गोंधळून, अडखळून, चुकून आलेले असायला हवं. डॉक्टरेटच्या काही अभ्यासक्रमांत परक्या संस्कृतीतल्या प्रत्यक्ष कामाची ही अट आजही असते. न गोंधळलेल्या माणसाजवळ विचारायला प्रश्नच नसतात, हे शहाणपण मला फार आवडतं. मॅकगॅव्हरन यांचं सगळंच मात्र पटत नाही. माणसं आपल्याच जातीजमातीत राहून ख्रिस्ती होऊ पाहतात, तेव्हा तसंच होऊ द्यावं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्याने मंडळीतही जातीच्या भिंती तशाच उभ्या राहतात, अशी टीका त्यावर झाली आणि ती योग्यच होती.

वर्गात शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो स्वतःच्याच तोंडाचा. ध्वनिशास्त्राच्या तासाला जीभ कुठे टेकते, श्वास कधी सोडला जातो, घसा कधी कापतो हे एकेक करून शिकावं लागतं. आपण ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणताना च वेगवेगळ्या जागी उच्चारतो, हे आपल्यातल्या कितीजणांच्या लक्षात आलेलं असतं? परक्या माणसाला ते पहिल्या आठवड्यात कानाने टिपावं लागतं. ळ तर वेगळाच. डलास इथल्या भाषाशास्त्राच्या एका विद्यापीठात भाषेचं सर्वेक्षण कसं करायचं, अलिखित भाषेला लिपी कशी द्यायची, व्याकरण कसं उलगडायचं, हे पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. त्याची मुळं १९३४ सालच्या एका उन्हाळी वर्गात आहेत. अर्कान्सॉमध्ये भरलेल्या त्या वर्गात इनमीन दोन विद्यार्थी होते. पाइक आले ते पुढच्या वर्षी.

नुसती भाषा पुरत नाही. १९७६ साली टॉम आणि एलिझाबेथ ब्रूस्टर या दांपत्याने भाषा शिकण्याचं एक पुस्तक काढलं. त्यातली रीत अशी की चार वाक्यं शिका आणि दिवसभर रस्त्यावर भेटेल त्या प्रत्येकाला तीच म्हणत फिरा. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली: नव्या मिशनऱ्याने पहिल्या दिवसापासून स्थानिक कुटुंबातच राहावं. मिशनच्या बंगल्यात उतरून, आपल्याच लोकांबरोबर जेवून, मग हळूहळू बाहेर पडू म्हणणारा माणूस बाहेर पडतच नाही. सुरुवातीच्या त्या असहाय दिवसांत ज्या घराचा आधार मिळतो, त्या घराशी माणूस जोडला जातो. अझरायाह यांची मागणी इथे येऊन एका गृहपाठात उतरली आहे.

मानववंशशास्त्राचा भाग मला सर्वांत भारून टाकतो, आणि त्याचं कारण पॉल हीबर्ट. ते १९३२ साली हैदराबादजवळच्या शमशाबादमध्ये एका मिशनरी कुटुंबात जन्मले. तेलंगणातल्या कोंडुरू गावाचा त्यांनी खोलवर अभ्यास केला, त्यावर पुस्तक लिहिलं, नंतर फुलर आणि इतर ठिकाणी शिकवलं. १९८२ साली त्यांनी एक निबंध लिहिला, जो आजही अनेक अभ्यासक्रमांत वाचायला लावतात. त्यांचं म्हणणं असं: पाश्चात्त्य माणसाच्या मनात जगाचे दोनच मजले असतात. खाली विज्ञान, म्हणजे ताप का आला, पाऊस का पडला. वर धर्म, म्हणजे देव, मोक्ष, मरणानंतर काय. पण कोंडुरूच्या माणसाच्या जगात मधला एक मजला होता आणि रोजचं आयुष्य तिथेच चालायचं. पोराला दृष्ट लागली, विहिरीपाशी कुणी दिसलं, शेजारणीने करणी केली, कौल लावला तर देवाने काय सांगितलं. गावकरी हे प्रश्न घेऊन मिशनऱ्याकडे आले, तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टरची गोळी होती आणि स्वर्गाची वचनं होती, मधल्या मजल्यावरचं उत्तर मात्र नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घराला तो मजलाच नव्हता! म्हणून लोक रविवारी प्रार्थनेला जात आणि सोमवारी भगताकडे. हीबर्ट यांनी हे उघडपणे मांडलं, आणि दोष गावकऱ्यांना न देता आपल्याच शिक्षणाला दिला. आपल्या कोकणात किंवा मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही हा मजला समजावून सांगावा लागत नाही. मिशनऱ्याला मात्र तो दिसण्यासाठी पदवी घ्यावी लागते.

हा सगळा अभ्यास इतका मनापासून केला की विद्यार्थी बदलतो. कधी कल्पनेपलीकडे बदलतो. डॅनियल एव्हरेट हे पाइक यांच्याच समर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले मिशनरी. १९७७ मध्ये ते ब्राझीलमधल्या अॅमेझॉनच्या जंगलात पिराहा लोकांकडे गेले. त्यांची भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की तिच्यामुळे जगभरच्या भाषाशास्त्रात वाद पेटला. पिराहा स्वतः पाहिलेल्या किंवा पाहणाऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टीलाच किंमत देतात. येशूला तू पाहिलंस का, असं ते विचारत. तो प्रश्न एव्हरेट यांच्या आत रुतून बसला आणि त्यांची श्रद्धा गेली. हे त्यांनी २००८ सालच्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिलं आहे.

बदल नेहमी असाच होतो असं नाही. जस्टिन अॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, बालपण राहुरीत गेलेले. ते शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले, पण उतारवयात अमेरिकेत बसून त्यांनी महिपती, एकनाथ, तुकाराम यांचं इंग्रजीत भाषांतर करण्यात स्वतःला झोकून दिलं. महाराष्ट्राच्या संतकवींची ती ग्रंथमाला १९२६ पासून निघू लागली आणि १९३२ मध्ये ते गेल्यानंतरही तिचे भाग प्रसिद्ध झाले. सांगायला आलेला माणूस आपल्या संतांचं म्हणणं जगाला सांगू लागला. अभ्यासक्रमाच्या कुठल्याही पानावर हे उद्दिष्ट लिहिलेलं नसतं.

भारतात आज हे चित्र पालटलं आहे. परदेशातून मिशनरी म्हणून इथे येणं आता फार अवघड आहे, आणि संस्कृती ओलांडणारी माणसं बहुतांशी भारतीयच असतात. अझरायाह स्वतः त्यांच्यातले आद्य: तिरुनेलवेलीचा हा तमिळ माणूस तेलुगू शिकून दोर्नकलला गेला आणि १९१२ मध्ये तिथला बिशप झाला, अँग्लिकन मंडळीतला पहिला भारतीय बिशप. सेरामपूरच्या महाविद्यालयाला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. त्याच व्यवस्थेत आज बी.डी.नंतर एम.टीएच. करता येतं, आणि मिशन हा त्यातला एक विषय आहे. पुण्यातलं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आलं. तिथे नागालँड-मिझोरामपासून केरळपर्यंतचे विद्यार्थी असतात. प्रबंधासाठी त्यांना गावात जाऊन राहावं लागतं, मुलाखती घ्याव्या लागतात. घरी मिझो किंवा मलयाळम, वर्गात इंग्रजी, आणि संध्याकाळी बिबवेवाडीच्या भाजीवालीशी मोडकं मराठी. ती हसते, वाक्य दुरुस्त करते आणि पुन्हा म्हणायला लावते.