गाणं थांबवायचं नाही

स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि आतल्या खोलीतून घंटेचा आवाज आला. देवळातली असावी तशी, पण खोल, जड. एक ठोका, मग थोडी शांतता, मग दुसरा. मला वाटलं, आज चिरंजीवांना देव आठवला! तेवढ्यात गिटारींचा असा काही गडगडाट झाला की ओट्यावरचं झाकण खाली पडलं.

"अरे, बंद कर तो धिंगाणा!" मी ओरडले.

"आई, हे दुखवट्याचं गाणं आहे," आतून उत्तर आलं.

खरं सांगते मैत्रिणींनो, 'दुखवटा' हा शब्द ऐकला आणि माझे हात थांबले. कारण आमच्या भजनी मंडळात गेले आठ महिने दुखवटाच चालू होता.

आमच्या मंडळाच्या काकू अचानक गेल्या. बावीस वर्षं त्याच पहिली ओळ उचलायच्या, आम्ही मागून धरायचो. त्यांची पट्टी काळी पाच, आवाज कसा टाळ्यांच्या वर तरंगायचा! त्या गेल्या आणि पेटीवर जी खोळ चढली ती चढलीच. बायका मला म्हणायच्या, "तुम्ही म्हणा हो." मी प्रत्येक वेळी टाळलं. काकूंच्या जागेवर बसायचं म्हणजे काहीतरी पाप केल्यासारखंच वाटायचं.

त्या दिवशी कणकेच्या हातांनीच लेकाच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "सांग बघू, कुणाचा दुखवटा?"

त्याने सांगितलेली गोष्ट मला इतकी भिडली की पुढे मीही त्याबद्दल बरंच वाचलं. तीच आज तुम्हाला सांगते.

ऑस्ट्रेलियातला 'एसी/डीसी' हा बॅन्ड. माल्कम आणि अँगस यंग हे दोघे भाऊ त्याचे कर्ते. कुटुंब मूळचं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं, 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात आलेलं. सात भावांत एकुलती एक बहीण, मार्गारेट. बॅन्डचं नाव तिनंच सुचवलं, तेही कुठून? शिलाई मशीनवर लिहिलेलं बघून! दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारं मशीन, म्हणून एसी/डीसी. अँगस आजोबांच्या वयाचा झाला तरी स्टेजवर शाळेच्या गणवेशात, हाफपँट घालून नाचतो, ती कल्पनाही तिचीच. बघा, एवढ्या पुरुषी दणदणाटामागेसुद्धा एक ताई आणि तिचं शिलाई मशीन निघालं.

त्यांचा गायक बॉन स्कॉट. 1979 च्या अल्बमने त्यांना अमेरिकेत नाव मिळवून दिलं. आता खरं यश येणार, पुढच्या गाण्यांची तयारी सुरू झालेली, आणि 19 फेब्रुवारी 1980 ला लंडनमध्ये बॉन गेला. वय 33. रात्रभर दारू झाली, गाडीतच झोपला, तो उठलाच नाही. दारूने किती घरांतली माणसं अशी नेली, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

अंत्यविधी ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटलला झाला. बॅन्ड बंद करावा, असंच त्या मुलांच्या मनात होतं. पण बॉनच्या आईवडिलांनीच त्यांना धीर दिला, थांबू नका, दुसरा गायक बघा, असं सांगितलं, हे बॅन्डमधल्या मंडळींनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. पोटचा मुलगा गेलेला, आणि त्याची जागा दुसऱ्याला द्या असं त्याच्याच आईवडिलांनी म्हणायचं! मी हे ऐकलं आणि लेकाच्या पलंगावर बसलेच.

दुसरा गायक सापडला तो ब्रायन जॉन्सन, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. पूर्वी एका बॅन्डमध्ये गायचा, पण तेव्हा वय 32, आणि पोटासाठी गाड्यांच्या टपांची कामं करायचा. चाचणीला लंडनला यायला तो तयार झाला, त्याला एक कारण असंही होतं की त्याच फेरीत व्हॅक्युम क्लीनरच्या जाहिरातीचं गाणं गायचं काम मिळत होतं. गाडीभाडं तरी सुटेल! आपल्यासारखाच हिशेबी माणूस. गंमत म्हणजे बॉनने एकदा ब्रायनला गाताना ऐकलं होतं. ब्रायन ओरडत जमिनीवर लोळत होता आणि बॉनला वाटलं, काय जोरदार गातो हा! प्रत्यक्षात त्याचं अपेंडिक्स दुखत होतं, असं ते सांगतात. म्हणजे नव्याचं कौतुक जुन्याने आधीच करून ठेवलं होतं.

मग सगळे बहामा बेटांवर नासाऊला गेले. एप्रिल-मे 1980, जेमतेम सहा-सात आठवडे. ध्वनिमुद्रणाची सूत्रं 'मट' लँग यांच्याकडे. बेट सुंदर, पण नशीब बघा. वादळ, पाऊस, सामान कस्टममध्ये अडकलेलं. बाहेर विजा कडाडताहेत आणि ब्रायन कागद पुढे घेऊन शब्द जुळवतोय. तेच वादळ मग पहिल्या गाण्यात उतरलं. त्या गाण्याच्या सुरुवातीला माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलेली ती घंटा वाजते.

त्या घंटेचीही कथा आहे. बॉनला श्रद्धांजली म्हणून ती हवी होती. इंग्लंडमधल्या लफबरो गावात पिढ्यान्‌पिढ्या घंटा ओतणारा कारखाना आहे. तिथे सुमारे एक टनाची घंटा खास करून घेतली. आधी गावातल्या मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज घ्यायला गेले, तर ठोका पडला की आतली पाखरं फडफडत उडायची आणि तेच रेकॉर्ड व्हायचं! शेवटी कारखान्यातच नव्या घंटेचा आवाज टिपला.

आणि वेष्टन? पूर्ण काळं. चित्र नाही, फोटो नाही. कंपनीला ते पसंत नव्हतं, निदान नाव तरी दिसू दे म्हणाली, म्हणून राखाडी रेघेत तेवढं नाव आलं. आपल्याकडे काळी चंद्रकळा संक्रांतीची, हौसेची. त्यांच्याकडे काळा रंग शोकाचा. 'बॅक इन ब्लॅक' म्हणजे काळे कपडे घालून परत आलो. पण आतली गाणी रडकी नाहीत. गेलेला माणूस हसरा, मस्तीखोर, त्याची आठवण तशीच काढायची, हे त्यांनी ठरवलं होतं.

ब्रायन पहिल्यांदा बॅन्डबरोबर स्टेजवर उभा राहिला तो 29 जून 1980 ला, बेल्जियममधल्या नामूर गावात. अल्बम 25 जुलैला आला. इंग्लंडमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत चौथ्यापर्यंत. 2019 मध्ये एकट्या अमेरिकेत अडीच कोटी प्रतींची अधिकृत नोंद झाली, आणि जगभरात मिळून पाच कोटींच्या आसपास असा अंदाज देतात. सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमांत त्याची गणना होते.

आता एक प्रामाणिकपणे सांगते. त्यातली बायकांबद्दलची काही गाणी मला मुळीच पटली नाहीत. लेकालाही तसं तोंडावर सांगितलं. तो जरा वरमला, वाद मात्र घातला नाही. चांगल्या गोष्टीतलंही खटकलं ते बोलावं, नाही का?

पण मला खरं लागलं ते वेगळंच. मी विचारलं, "हा ब्रायन त्या बॉनसारखा गायचा का रे?"

"नाही ना! बॉनची नक्कल कर असं त्याला कुणी सांगितलंच नाही. तो स्वतःच्या आवाजात गायला. आणि बॉनची जुनी गाणीही म्हणत राहिला."

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या घरी गेले. काका ओसरीवर पेपर वाचत होते. म्हटलं, "काका, मंडळ पुन्हा सुरू करावं म्हणते. तुम्हाला चालेल का?"

ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि काकूंची भजनाची वही घेऊन आले. कडा तेलकट झालेल्या, मध्येच बुक्क्याचं बोट उमटलेलं. माझ्या हातात देत म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही विचारणारच नाही. गुरुवारी संध्याकाळी घर फार शांत असतं हो."

आठ महिने मला वाटत होतं की मी त्यांचा मान राखतेय!

पुढच्या गुरुवारी पेटीची खोळ काढली. पेटीवाल्या ताईंनी सवयीने काळी पाच धरली. मी म्हटलं, "ताई, मला काळी तीन द्या. तिथवरच माझा आवाज जातो." पहिली ओळ उचलताना घसा दाटला, सूरही जरा हलला. पण मागून बायकांनी धरलं.

घरी आले तर लेक दारातच. "कसं झालं?"

"बरं झालं," म्हटलं. "आता ती तुझी घंटा लाव एकदा. पण दार लावून घे, शेजारी म्हणतील, या घरात आरती कधी संपतच नाही!"