डिस्कचे स्थिर नामकरण

डिस्कचे स्थिर नामकरण म्हणजे युनिक्ससदृश संचालन प्रणालींमध्ये साठवण उपकरणांना, ती सापडण्याच्या क्रमावर अवलंबून नसलेली नावे देण्याची पद्धत होय. संगणक पुन्हा सुरू केल्यावरही तीच डिस्क त्याच नावाने सापडावी, हा तिचा उद्देश असतो.

पार्श्वभूमी

युनिक्समध्ये जवळजवळ प्रत्येक उपकरण 'डेव्ह' या डिरेक्टरीतील एका फाइलच्या रूपाने दिसते. लिनक्समधील जुन्या आयडीई डिस्कना एचडीए, एचडीबी अशी नावे केबलवरील जागेनुसार मिळत. साटा, स्कझी व यूएसबी डिस्कना मात्र एसडीए, एसडीबी अशी नावे कर्नलला त्या सापडतील त्या क्रमाने मिळतात. २००७ च्या सुमारास अनेक लिनक्स वितरणांत आयडीई डिस्कनाही ही दुसरी पद्धत लागू झाली. डिस्क नव्याने जोडली, काढली किंवा ड्रायव्हर सुरू होण्याचा क्रम बदलला, तर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते.

परिणाम

कोणती डिस्क कोठे जोडायची याची नोंद 'एफएसटॅब' या फाइलमध्ये असते. त्या नोंदीत क्रमावर आधारित नाव असल्यास चुकीची डिस्क जोडली जाते किंवा संगणक पूर्णपणे सुरूच होत नाही. याहून गंभीर धोका डिस्क फॉरमॅट करणाऱ्या किंवा तिची प्रत काढणाऱ्या आज्ञांचा असतो. अशी आज्ञा दिलेले नाव जसेच्या तसे मानते. त्यामुळे नाव बदललेले असल्यास भलत्याच डिस्कवरील माहिती पुसली जाते.

उपाय

लिनक्समध्ये २००३ पासून विकसित झालेली 'यूडेव्ह' ही यंत्रणा प्रत्येक डिस्कसाठी सांकेतिक दुवे तयार करते. हे दुवे मुख्यतः चार बाबींवर आधारलेले असतात:

• यूयूआयडी : फाइल प्रणाली तयार होताना तिला मिळणारा, सहसा १२८ बिटांचा ओळख क्रमांक.
• लेबल : वापरकर्त्याने फाइल प्रणालीला दिलेले नाव.
• उपकरणाची ओळख : डिस्कचे मॉडेल आणि अनुक्रमांक.
• मार्ग : डिस्क कोणत्या जोडणीवर लावली आहे ती जागा.

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही संचालन प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने तिच्यातही हीच व्यवस्था आढळते. फ्रीबीएसडीमध्ये लेबलांचा, तर ओपनबीएसडीमध्ये डिस्कलेबलमध्ये साठवलेल्या ६४ बिटांच्या क्रमांकाचा वापर करता येतो. सोलारिसमध्ये डिस्कच्या नावातच नियंत्रक, लक्ष्य, डिस्क व विभाग यांचे क्रमांक येतात.

मर्यादा

कोणतेही स्थिर नाव सर्व परिस्थितींत पुरेसे ठरत नाही. डिस्क पुन्हा फॉरमॅट केल्यास यूयूआयडी बदलतो. याउलट, डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास मूळ व प्रत या दोन्हींचा यूयूआयडी सारखाच राहतो आणि नेमकी कोणती जोडली जाईल याची खात्री उरत नाही. अशा वेळी एकीचा क्रमांक बदलावा लागतो. दोन डिस्कना एकच लेबल दिले गेल्यासही हाच घोळ होतो. मार्गावर आधारित नाव जागा ओळखते, डिस्क नव्हे. म्हणून त्या जागी दुसरी डिस्क लावल्यास ते नाव तिलाच लागू होते. यामुळे एफएसटॅबमधील कायमच्या नोंदीसाठी सहसा यूयूआयडी वापरला जातो, तर संपूर्ण डिस्क पुसण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक पडताळणे अधिक सुरक्षित ठरते.