डिंक सर्वांत शेवटी

आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराचे ‘गोगलगाय’ हे चित्र प्राथमिक शाळांतल्या कलेच्या तासाला नेहमी भेटते. १९५३ सालचे हे भव्य चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे : रंगवलेल्या कागदाचे ओबडधोबड तुकडे शंखाच्या वळणाने मांडलेले. दुसरी-तिसरीला ते सोपे वाटते. बाईंनी रंगीत चौकोन कापून द्यायचे, मुलांनी नमुना बघून चिकटवायचे. तास संपेपर्यंत भिंतीवर चाळीस सारख्या गोगलगाई लागतात आणि त्यांत मुलाने स्वतः ठरवलेले काहीच नसते. थोर चित्रकार लहान मुलांना दाखवावेत, जरूर दाखवावेत. पण त्यांच्या चित्राचे रूप उचलू नये, काम करण्याची रीत उचलावी.

मातीसची रीत फार शिकवण्यासारखी आहे. १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. कागद कापून रचना ठरवणे तो आधीही करत होता. आता तेच त्याचे मुख्य माध्यम झाले. मदतनीस कागदावर रंगाचा सपाट थर द्यायचे, तो कात्रीने थेट त्या रंगातूनच आकार काढायचा, आणि तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावून पुन्हापुन्हा हलवले जायचे. आपल्या वर्गातला क्रम याच्या उलट असतो. आधी पेन्सिलीची रेघ, मग खोडरबर, मग रेघेच्या आत रंग. रेघ चुकली की मूल तिथेच अडते. कात्रीने कडा आणि रंग एकाच हालचालीत येतात. म्हणून त्या दिवशी पेन्सिल बाजूला ठेवावी, घोटीव कागद आणि बोथट टोकाची कात्री द्यावी, तुकडे सरकवत राहू द्यावे आणि डिंक सर्वांत शेवटी द्यावा. लाल तुकडा हिरव्याशेजारी उठून दिसतो, नारिंगीशेजारी दबतो. मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये रंगांच्या शेजारधर्माचा हा नियम सविस्तर मांडला होता. सात वर्षांचे मूल तो हाताने शोधू शकते. पण त्यासाठी तुकडे सुटे राहिले पाहिजेत.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप आहे : मोठ्यांची चित्रे दाखवली की मुलाची स्वतःची दृष्टी बुजते. व्हिएन्नात १८९७ पासून मुलांचे कलावर्ग चालवणारे फ्रान्झ चिझेक याच मताचे होते. त्यांनी मुलांना नकलेच्या कवायतीतून सोडवले, हे त्यांचे मोठे ऋण. तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांत त्या काळच्या व्हिएन्नाच्या सजावटशैलीची छाप पुढच्या अभ्यासकांना दिसलीच. प्रभावाविना बालपण नसते. आपण मातीस दाखवला नाही तर बिस्किटाचा पुडा आणि कार्टून ते काम करतात. जपानमधील ओकादा आणि इशिबाशी या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनोळखी धाटणीचे चित्र नकलून पाहिलेल्या विद्यार्थ्यांची पुढची स्वतःची चित्रे अधिक नवी ठरली. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, त्यामुळे हा निष्कर्ष दुसरीच्या वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र नक्कल आणि नवनिर्मिती एकमेकींच्या वैरिणी असतातच, हे गृहीतक त्याने नक्की ढिले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो : परदेशी चित्रकारच का? महाराष्ट्रात वारली आहेच, पण शाळेत तिचीही गोगलगाय होते. काळा कागद, पांढरा पेन, फळ्यावरून उतरवलेला तारपा नाच. शिवाय वारली ही एका माणसाची शैली नव्हे. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने स्त्रिया लिहीत आल्या. त्यातली पालघट देवी पूजेची आहे, वर्गाच्या सजावटीची नव्हे, हे मुलांना सांगायलाच हवे. जिव्या सोमा मशे यांनी याच भाषेत रोजचे जगणे कागदावर आणले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून घ्यायची ती अट : रंग एक, माणूस दोन त्रिकोणांचा, चेहऱ्यावर भाव नाहीत, जे सांगायचे ते अंगाच्या झुकण्यातून. विषय मात्र मुलाच्या गल्लीतला हवा. टँकरपुढची रांग घ्या. भरलेला हंडा उचलणाऱ्या बाईचे दोन त्रिकोण नेमके कुठे आणि किती वाकवायचे, हे फळ्यावर कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी मुलाला उठून, वाकून, रिकामी बादली उचलून बघावी लागते.