तुटक्या मेणखडूंसाठी ॲल्युमिनियमचा साचा: समज आणि वस्तुस्थिती

शाळेचं वर्ष संपलं की दप्तराच्या तळाशी मेणखडूंचे तुकडे निघतात. ते वितळवून नवे खडू करायचे तर बहुतेक घरांत सिलिकॉनचा साचा मागवला जातो. ज्यांच्या घरी लहानसं ड्रिल मशीन किंवा लेथ आहे, अशा आईबाबांना मात्र मुलांबरोबर धातूचा साचा करावासा वाटतो. मग चारचौघांकडून ऐकायला मिळतं, की पोलाद लागेल, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) लागेल, मेण चिकटून बसेल. यातलं बरंचसं खरं नाही. खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्या कुणी सांगत नाही.

साच्याला पोलादच लागतं, ही समजूत प्लॅस्टिकच्या कारखान्यांतून आली आहे. तिथे प्रचंड दाब असतो आणि एका साच्यातून लाखो नग काढायचे असतात. खडूतलं पॅराफिन मेण साधारण 50 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं आणि ते नुसतं ओतायचं असतं. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांपर्यंत घट्ट राहतं, म्हणून इथे ते पुरून उरतं. 6061 ग्रेडचं ॲल्युमिनियम लहान मशीनवरही स्वच्छ कापलं जातं. पितळ त्याहून सोपं वाटेल, पण सहज कापलं जावं म्हणून बाजारातल्या पुष्कळशा पितळेत शिसं मिसळलेलं असतं. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी ते नकोच. कुठून आला ते ठाऊक नसलेला भंगारातला तुकडाही नको.

धातूचा साचा केवळ टिकाऊ म्हणून चांगला, असं बरेच जण मानतात. मला त्याचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. खडूतले रंगकण मेणात विरघळलेले नसतात, ते तरंगत असतात आणि मेणापेक्षा बरेच जड असतात. पांढऱ्या रंगासाठी वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडची घनता मेणाच्या चौपटीहून जास्त आहे. मेण सावकाश गोठलं की हे कण खाली बसतात. सिलिकॉन उष्णता फार हळू बाहेर सोडतं. म्हणून त्यातल्या जाड खडूची एक बाजू पुष्कळदा नुसत्या मेणाची होते आणि कागदावर रंगच उमटत नाही. 6061 ॲल्युमिनियम उष्णता सिलिकॉनच्या शेकडो पट वेगाने वाहून नेतं, त्यामुळे कण बसायच्या आत मेण गोठतं. अमेरिकेतल्या क्रेयोलाच्या कारखान्यातही धातूचेच साचे असतात आणि ते पाण्याने गार केले जातात.

पण हाच गुण उलटतोही. गारठलेल्या साच्यात ओतलेलं मेण भिंतीला लागताच गोठतं आणि खडूवर वळ्या पडतात. त्यासाठी साचा ओतण्याआधी कोमट असावा. एप्रिल-मे महिन्यात तो थोडा वेळ उन्हात ठेवला तरी पुरतं.

मेण चिकटेल, ही भीती अर्धी खरी आहे. गोठताना पॅराफिनचं आकारमान साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटतं, म्हणजे ते आपणहून भिंत सोडायला बघतं. त्याला धरून ठेवतात ते ड्रिलने पाडलेले आडवे ओरखडे आणि सरळ भोक. तेल लावणं हा यावरचा उपाय नव्हे. तेलाने खडू बुळबुळीत होतो आणि कागदावर घसरतो. उपाय उतारात आहे. कुल्फीचा साचा निमुळता असतो तो याचसाठी.

पहिल्या साच्यासाठी दोन अर्धे जुळवण्याच्या भानगडीत पडू नका. 50 मि.मी. उंचीचा ठोकळा घ्या. त्यात 12 मि.मी.ची आरपार भोकं पाडा आणि टेपर पिनच्या रीमरने, म्हणजे भोक निमुळतं करणाऱ्या हत्याराने, ती मोठी करा. या रीमरचा उतार 1:50 असतो, त्यामुळे पूर्ण उंचीत भोक वर 13 मि.मी.चं होतं. खाली सपाट पट्टी स्क्रूने आवळा. कापताना रॉकेलचे थेंब सोडले की ॲल्युमिनियम टूलला चिकटत नाही. नंतर साबणाने नीट धुवा. भोकाच्या आतून पॉलिश पेपर गोल फिरवू नका, वरखाली चालवा, म्हणजे उरलेले ओरखडे खडू निघण्याच्या दिशेने जातात. खडू गार झाला की पट्टी काढून लाकडी काडीने अरुंद बाजूने ढकला. ओतल्यावर मध्ये खळगा पडला तर बिघडलं काही नाही. तिथे पुन्हा थोडं मेण ओता.

सगळेच खडू वितळतात, हा गैरसमज आपल्याकडे जास्त महाग पडतो. आपल्या मुलांच्या दप्तरात मेणखडूंबरोबर प्लॅस्टिक क्रेयॉन आणि तेलखडूही असतात. प्लॅस्टिक क्रेयॉन उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर पातळ होत नाहीत, त्यांचा चिकट गोळा होतो. तेलखडूत न वाळणारं तेल असतं. ते मिसळलं तर कांडी मऊ पडते. तीन ढीग वेगळे करा आणि फक्त मेणखडू घ्या. सगळे रंग एकत्र ढवळले तर इंद्रधनुष्य होत नाही, मातकट तपकिरी होतो.

मेण वितळवायला मायक्रोवेव्ह सुरक्षित, असंही सांगितलं जातं. पॅराफिन त्यातल्या लहरी फारशा शोषत नाही, त्यामुळे ते धड तापत नाही. आचेवर थेट भांडं ठेवलं तर मेण नको तेवढं तापतं, डोळे-घसा चुरचुरवणारी वाफ सोडतं आणि पेटूही शकतं. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नका. झाकण घालून गॅस बंद करा. उकळत्या पाण्यात ठेवलेला जुना डबा सर्वांत बरा, कारण पाणी 100 अंशांपुढे जाऊच देत नाही. त्या डब्यात पुन्हा खायचं काही शिजवू नका.

मुलांना यात काम काय, असं विचारणाऱ्यांना मी भरभरून उत्तर देईन. मशीन चालवणं आणि ओतणं मोठ्यांचं. बाकी सारं मुलांचं. कोमट पाण्यात भिजवून कागद सोलणं, रंग निवडणं, ठोकळ्यावर भोकांच्या जागा आखणं, कांडी ढकलून काढणं. वरच्या मापाच्या एका कांडीला साधारण 6 ग्रॅम मेण लागतं. हा हिशेब थोडं मोठं मूल घनफळावरून स्वतः मांडू शकतं. मशीन चालू असताना मूल लांब बसलेलं असावं, डोळ्यांवर गॉगल असावा. हातमोजे घातले की हात सुरक्षित, हा समज तर घातकच आहे. फिरत्या ड्रिलमध्ये किंवा लेथच्या चकमध्ये हातमोजा अडकला की तो हात आत ओढतो. मशीनवर हात उघडेच हवेत, बाह्या दुमडलेल्या. कापलेल्या धातूचा कीस ब्रशने गोळा करा, मुलांना उचलू देऊ नका.

आणि यातून पैसे वाचतात का? नाही. मेणखडूंची नवी पेटी रीमरहून स्वस्त पडते. मशीन घरात असेल तर साचा जरूर करा. नसेल तर त्यासाठी विकत घेऊ नका. सिलिकॉनचा उथळ, पातळ खणांचा साचा घ्या. त्यात मेण लवकर गोठतं आणि रंग बऱ्यापैकी सारखा राहतो.