बाजरीची सोयरीक



आपल्यापैकी जे १९६५ नंतर इस्राएलला आले, त्यांना 'हायब्रीड' हा शब्द आठवत असेल. संकरित ज्वारी आणि बाजरी भारतात त्याच सुमारास आली. जुन्या भाकरीची चव हिला नाही, अशी कुरकुर तेव्हा पुष्कळांनी ऐकली असेल. पण या बाजरीची खरी गोष्ट तिच्या आईवडिलांची आहे.

दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून संकरित बी मिळते. आईबाप एकमेकांपासून दूरचे असले तर संतती बहुधा जोमदार निघते. जवळच्या नात्यातले असले तर तो जोम येत नाही. म्हणून आपण स्थळ पाहताना घराण्याची चौकशी करतो, तशी शास्त्रज्ञही वाणांची करतात.

१९६५ साली लुधियानाला एच. बी. १ ही संकरित बाजरी तयार झाली. तिची आई टिफ्ट २३ ए, अमेरिकेतल्या टिफ्टनची. तिच्या फुलांत स्वतःचे पराग तयार होत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या वाणाशी संकर करणे सोपे जाते. उत्पन्न वाढले. पुढच्या जातींत बाप बदलले, आई मात्र बहुधा तीच राहिली.

मग गोसावी रोग आला. यात कणसाला दाण्यांऐवजी हिरवी पाने फुटतात, गोसाव्याच्या जटांसारखी. आईच्या अंगी या रोगाला तोंड देण्याची ताकद नव्हती, ती मुलींतही आली नाही. सत्तरच्या दशकात बाजरीचे फार नुकसान झाले. १९७० साली अमेरिकेतही मक्याचे असेच झाले. तिथेही बहुतेक संकरित मक्याला मातृवंश एकच होता.

या अनुभवानंतर निवडीची रीत बदलली. आता देशोदेशीचे वाण गोळा करून त्यांचे डीएनए तपासतात, कोण कोणाच्या जवळचे ते पाहून गट पाडतात आणि आईबाप वेगवेगळ्या गटांतून घेतात. टोगो, घाना भागातली टपोऱ्या दाण्यांची, लवकर येणारी बाजरी अशीच कामी आली. मात्र केवळ दूरचे असून भागत नाही. आपल्या हवेत वाढ होते का, रोग लागतो का, दाणा कसा भरतो, हे शेतात लावूनच कळते.

हैदराबादजवळ पाटणचेरूच्या संस्थेत बाजरीचे वीस हजारांहून अधिक नमुने थंड खोल्यांत जपलेले आहेत. गावोगावच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ही बियाणी आहेत. उद्या नवा रोग आला, तर नवी आई यांतूनच शोधावी लागेल.