ट्रॅक्टरचे इंजिन तापले तर?

शेतकरी बंधूंनो, पनवेलकडच्या भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरवर मोठा ताण येतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल, पेंढा अडकला की वारा खेळत नाही आणि काटा लालवर चढतो. अशा वेळी भार काढा, इंजिन दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवून मग बंद करा. मात्र पंख्याचा पट्टा तुटला किंवा पाणी गळालं असेल तर लगेच बंद करा. गरम झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबामुळे 100 अंशांच्याही वर तापतं. ते उसळून तोंड, हात भाजतात. इंजिन पुरतं गार झाल्यावरच जाड फडकं धरून झाकण सावकाश फिरवा. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रोज सकाळी पाणी, पट्टा, जाळी तपासा. ऐन लावणीत ट्रॅक्टर बसणार नाही.